माप आणि वाट

मदयनच्या लोकांकडे हजरत शुऐब (अ.) यांना पाठविण्यात आले. त्यांनी आपल्या कौमला काय सांगितले, ते सूरह आराफच्या 85 व 86 या आयतींत आले आहे. एका अल्लाहचीच उपासना करा, हे पहिले आवाहन. त्याच्या पाठोपाठ ते म्हणतात, की माप आणि तोल पुरा द्या, लोकांच्या वस्तूंत घट करू नका, आणि लोकांना धमकावण्यासाठी व श्रद्धावंतांना अल्लाहच्या मार्गापासून रोखण्यासाठी प्रत्येक वाटेवर ठाण मांडून बसू नका. तराजूची गोष्ट आणि वाटेची गोष्ट अशा लागून का आल्या, असा प्रश्न वाचताना मनात येतो. वाटेवर बसण्याचा अर्थ भाष्यकारांनी दोन प्रकारे लावला आहे. काहींच्या मते हे लोक जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून जुलमाने पैसा उकळीत. इतरांच्या मते शुऐब (अ.) यांचे म्हणणे ऐकावयास निघालेल्यांना ते वाटेतच गाठून परत फिरवीत. एक वाटमारी मालाची, दुसरी शब्दाची. इब्ने कसीर यांनी आपल्या तफसीरमध्ये दोन्ही अर्थ नोंदविले आहेत, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे ते एकमेकांना छेदत नाहीत. जो माणूस वाट आपल्या ताब्यात ठेवतो, तो आज भाडे घेतो आणि उद्या कोणी जावे व कोणी जाऊ नये हेही ठरवितो.

वाचकहो, हे आठवण्याचे कारण आपल्या हातातील मोबाइल आहे. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना नागाव लागते. तेथून चौल, पुढे मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या साऱ्या किनाऱ्यावर अशी असंख्य मुस्लिम घरे आहेत, की ज्यांतील कर्ता पुरुष आखातात आहे. त्या घरांना एक अनुभव चांगला परिचयाचा आहे. दुबईहून व्हॉट्सॲपवर मजकूर येतो, मुलाचे छायाचित्र येते, पण त्याच व्हॉट्सॲपवर केलेला कॉल लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीत वर्षानुवर्षे अशा कॉलवर निर्बंध आहेत. परवाना मिळालेली ठराविक ॲप तेवढी चालतात, आणि त्यांतील काहींसाठी दरमहा निराळे पैसे मोजावे लागतात. सौदी अरेबियाने अशी बंदी 2017 मध्ये उठविली. इंटरनेटचे पैसे भरलेले आहेत, तार जोडलेली आहे, तरी आईचा आवाज त्या तारेतून जाणार नाही आणि आईने लिहिलेली ओळ मात्र जाईल, हे कोणी ठरविले? जो वाटेवर बसला आहे त्याने.

आपल्या देशातही हीच पाळी येणार होती. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेल या कंपनीने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा आकार लावण्याचे जाहीर केले आणि लोकक्षोभ पाहून ते मागे घेतले. 27 मार्च 2015 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, या साऱ्या विषयावर जनतेची मते मागविणारा मसुदा प्रसिद्ध केला. त्याला दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. नेट न्यूट्रॅलिटी, इंटरनेटची तटस्थता, हा शब्द मराठी घरांत प्रथम ऐकू आला तो तेव्हा. शब्द जड वाटला तरी गोष्ट साधी आहे. आपण पाठवितो तो मजकूर, आवाज किंवा चित्र लहान लहान पाकिटांत विभागून जाते. ते वाहून नेणाऱ्या कंपनीने पाकीट कोणाचे आहे व आत काय आहे हे पाहून एकाला अडवू नये, दुसऱ्याला मुद्दाम संथ करू नये, तिसऱ्याला पैसे घेऊन पुढे काढू नये. ग्राहकाने महिन्याचे दाम पूर्ण मोजले असता त्याच्या आवडीचे एक संकेतस्थळ धावते आणि दुसरे रखडते, तर हा माप मारण्याचाच प्रकार झाला. फरक इतकाच, की दाण्याचे माप डोळ्यांना दिसते आणि हे माप दिसत नाही. ग्राहक त्या संकेतस्थळालाच दोष देऊन उठून जातो.

वाट अडविणे म्हणजे काय, हे या किनाऱ्याला नव्याने शिकविण्याची गरज नाही. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी 304 मध्ये सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला, आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले आहे. राज्य शिलाहार राजाचे होते. मुसलमानांचे आपसातील व्यवहार त्यांच्याच एका प्रमुखाकडे सोपविलेले होते. त्या राजाने परक्याचे गलबत, परक्याचा माल आणि परक्याची अजान यांना बंदरात जागा दिली. आपण आज कोकणात आहोत याचे एक कारण ती मोकळी वाट आहे, हे आपण सहसा आठवीत नाही. नागावात 1367 चा जो मराठी शिलालेख मिळाला, त्यात शके 1289 च्या सोबत हिजरी 769 हे सालही कोरलेले आहे. हंबीरराव नावाच्या राजाच्या अमलात लिहिणाऱ्याला एकाच दगडावर दोन्ही कालगणना मांडण्यात काही वावगे वाटले नाही. वाचणारे दोन्हीकडचे होते, त्याने दोघांसाठी लिहिले.

पुढे पोर्तुगीज आले. नागावच्या अगदी शेजारी रेवदंड्याला 1521 च्या सुमारास त्यांनी किल्ल्याचे काम हाती घेतले. समुद्र कोणाच्या मालकीचा नसतो, असे तोवर या किनाऱ्यावरील नाखवे समजत आले होते. पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचा परवाना काढला. तो जवळ नसलेले गलबत लुटले जाई, आणि तो असेल तर ठरलेल्या बंदरात जाऊन जकात भरावी लागे. कोणता माल नेता येईल आणि कोणता नाही, तेही तेच ठरवीत. हाजींची जहाजेही यातून सुटली नाहीत. मक्केला निघालेल्या माणसाने ज्यांचे आरमार होते त्यांच्याकडून परवाना घ्यावयाचा, असा तो काळ होता. 1613 मध्ये सुरतेजवळ ‘रहीमी’ हे बादशहा जहांगीरच्या मातोश्रींचे जहाज पोर्तुगीजांनी पकडले, तेव्हा त्यावर परवाना होता. वाटेवर बसलेल्याने दिलेला परवाना त्याच्या मर्जीइतकाच टिकतो. सूरह आराफमधील त्या आयतीचे दोन्ही अर्थ, पैसा उकळणे आणि अल्लाहच्या मार्गापासून अडविणे, आपल्या डोळ्यांसमोरच्या समुद्रावर असे एकत्र आले होते.

आता थोडे अवघड प्रकरण घेऊ. पोर्तुगीजांचा जुलूम ओळखणे सोपे, कारण त्यांच्या हातात तोफ होती. वाटेवर बसणारा हातात भेटवस्तू घेऊन आला तर? फेसबुकने फेब्रुवारी 2015 मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने एक योजना भारतात आणली. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि भाषांत मराठी होती. ठराविक तीस-चाळीस संकेतस्थळे फुकट, बाकीच्या जगासाठी पैसे. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. डिसेंबर 2015 च्या अखेरीस मार्क झकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून महाराष्ट्रातील गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला दिला. या गणेशला फुकट सेवेतून हवामानाची माहिती मिळाली, बाजारभाव कळले, आणि आता तो नवी पिके व जनावरे यांत पैसा घालीत आहे, असे त्यांनी सांगितले. याला विरोध कोण करू शकेल, असा त्यांचा सूर होता.

प्रश्न वरवरचा नव्हता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडे मिळत असेल, तर तत्त्वाच्या नावाखाली ते हिरावून घेणारे आपण कोण? भुकेल्याला अर्धी भाकरी देणाऱ्याला, पूर्ण का देत नाहीस म्हणून हाकलणे शहाणपणाचे नाही. सदक्याची शिकवण मिळालेल्या समाजाने तर हा आक्षेप मनापासून ऐकला पाहिजे. मलाही त्या वेळी काही दिवस तो पटला होता.

पण प्रेषित (स.) यांच्या काळच्या मदीनेतील एक व्यवहार पाहा. बाहेरून धान्य घेऊन तांडे येत. काही चतुर व्यापारी शहराबाहेर जाऊन वाटेतच त्यांना गाठीत आणि बाजाराचा भाव कळण्यापूर्वी माल घेऊन टाकीत. प्रेषित (स.) यांनी याला मनाई केली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही मनाई आहे, आणि मुस्लिममधील रिवायतीप्रमाणे असा माल विकून बसलेल्या माणसाला, तो बाजारात पोहोचल्यावर, व्यवहार मोडण्याचा अधिकारही दिलेला आहे. लक्षात घ्या, की त्या तांडेवाल्याला पैसे मिळत होते. कोणी त्याला लुटीत नव्हते. कदाचित चालण्याचे श्रमही वाचत होते. मग चुकले काय? त्याला बाजार पाहू दिला नाही. आपण सोडून आणखी कोण घेणारे आहेत हे कळण्याआधीच त्याला गाठले. गणेशचे असेच आहे. ज्याने इंटरनेट आधी कधी पाहिलेच नाही, त्याला गावाच्या वेशीवर गाठून, हाच सारा बाजार, असे सांगितले जात होते. कोणता बाजारभाव दाखवायचा आणि कोणाचा नाही, हे त्या एका दारवानाकडे राहिले असते.

आणि सदक्याचे म्हणाल, तर हजरत उस्मान (रजि.) यांची रूमा विहीर आठवावी. पाणी विकत घ्यावे लागे, म्हणून त्यांनी आपल्या पैशाने ती विहीर घेऊन सर्वांसाठी मोकळी केली. कोणी प्यावे याची यादी केली नाही, आणि स्वतःचा डोलही इतरांच्याच रांगेत ठेवला. कोणास फुकट इंटरनेट द्यावयाचे असेल त्याने असे द्यावे. ट्रायने 8 फेब्रुवारी 2016 रोजी जो नियम केला तो नेमका या अंगाने जातो. मजकूर पाहून दर कमी-जास्त करण्यास बंदी, मोडल्यास दिवसाला 50 हजार रुपये व कमाल 50 लाख रुपये दंड. मात्र संकटकाळात आपत्कालीन सेवांसाठी सवलत देण्यास मुभा ठेवली. सर्वांना सारखा फुकट डेटा देण्याच्या आड हा नियम येत नाही. त्याच आठवड्यात फेसबुकने येथील योजना बंद केली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटाचे दर कोसळले, आणि अनेक गणेशांच्या हाती सबंध इंटरनेट आले. तो काही धर्मादाय नव्हता, व्यापाराची चुरस होती. तरी वाट सर्वांना सारखी राहिली. जुलै 2018 मध्ये सरकारने कंपन्यांच्या परवान्यातच ही तटस्थता घालण्यास मान्यता दिली.

नागावच्या वाड्यांत विहिरीचे पाणी पाटाने माडापोफळींच्या आळ्यांत सोडतात. पाट ज्याच्या बाजूने येतो त्याच्या हाती मातीचा एक लहानसा बांध असतो. बुखारी व मुस्लिममध्ये हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी शेजाऱ्याचा पाण्यावरील वाद आहे. प्रेषित (स.) यांनी प्रथम सांगितले, की जुबैर, आपल्या झाडांना पाणी घे आणि मग शेजाऱ्याकडे सोड. वरच्या अंगाला असणाऱ्याचा पहिला हक्क मान्य झाला, पण शेजारी आवडतो की नाही हे पाहून पाणी सोडण्याचा हक्क त्याला मिळाला नाही. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, वाड्या आडव्या झाल्या, मोबाइलचे मनोरे मुके झाले. त्या दिवसांत ज्यांनी मुंबईहून आणि आखातातून घरचा नंबर फिरविला आहे, त्यांना ही तार पाण्यापेक्षा वेगळी वाटत नाही.

येथपर्यंत वाचताना आपण मनात मान हलविली असेल. कंपन्यांना बोल लावणे सोपे आहे. आता माप आपल्याकडे वळवू.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर शहर बंद पडण्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली, एका नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या प्रकरणातून व तशाच इतर प्रकरणांतून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि 24 मार्च 2015 रोजी, ट्रायच्या त्या मसुद्याच्या तीनच दिवस आधी, रद्द झाले. आपल्या समाजात त्याचे स्वागत झाले. योग्यच झाले. पण आपल्याला न रुचणारे कोणी लिहिले असता आपण काय म्हणतो? ते बंद करा, ते दिसूच देऊ नका, असेच ना? प्रेषित (स.) यांच्याविषयी कोणी अभद्र लिहिले तर काळजाला जखम होते. ती जखम खोटी नाही, आणि ती सोसून घ्या असा उपदेश मी कोणाला करणार नाही. मात्र तारेच्या मालकाने, कोणाला न सांगता, कारण न देता, त्याला न पटणारे शब्द गाळावे अशी मागणी आपण करतो, तेव्हा त्याच्या हाती जो बांध देतो तो पुढच्या पाळीला आपल्याच आळ्यासमोर घातला जाईल. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी ज्यांचा धिक्कार आहे ते लोक चोर नव्हेत. स्वतः घेताना ते पुरे मोजून घेतात आणि दुसऱ्याला देताना घट करतात. स्वतःच्या बोलण्यासाठी पूर्ण माप मागणारा आणि दुसऱ्याच्या बोलण्याचे माप मारणारा या सूरहच्या बाहेर कसा राहील, हे मला समजत नाही.

मग वाटेवर काहीही चालावे काय? नाही. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही इमानची एक शाखा आहे. रस्त्यावर बसू नका, आणि बसावेच लागले तर रस्त्याचा हक्क द्या, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. त्या हक्कांत नजर खाली ठेवणे आले, कोणाला इजा न करणे आले, सलामचे उत्तर देणे आले, भल्याची शिफारस व बुऱ्याची मनाई आली. म्हणजे बंधने आहेत, आणि ती मुख्यतः बोलणाऱ्यावर व बसणाऱ्यावर आहेत. पवित्र स्त्रीवर आळ घेणाऱ्याकडे कुरआन चार साक्षीदार मागते. फासिकाने आणलेली बातमी तपासून पाहा, असा हुकूम बातमी ऐकणाऱ्याला आहे. आपण रात्री अंथरुणात पडून, न वाचता, पंचवीस जणांना पुढे पाठवितो त्या व्हॉट्सॲप संदेशाला हा हुकूम लागू होतो. त्याची जबाबदारी ना जिओवर पडते ना झकरबर्गवर. आणि ज्या मजकुराने खरेच रक्त सांडेल किंवा बालकाची अब्रू जाईल तो थांबविण्यास शासन आहे, न्यायालय आहे. 66 अ रद्द करणाऱ्या त्याच निकालाने संकेतस्थळे रोखण्याचे कलम 69 अ कायम ठेवले, कारण त्यात लेखी कारणे देण्याची अट आहे. त्या नियमांत कार्यवाही गुप्त ठेवण्याचे जे कलम आहे ते मला खटकते. आरोप सांगितल्याशिवाय शिक्षा देणारा काझी आपण मान्य केला नसता.

हा वाद मिटलेला नाही. अमेरिकेत 2015 मध्ये आलेली तटस्थता 2017 मध्ये काढली गेली, 2024 मध्ये परत आणली गेली आणि जानेवारी 2025 मध्ये तेथील अपील न्यायालयाने पुन्हा रद्द केली. आपल्याकडेही, मोठ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा, असा दूरसंचार कंपन्यांचा आग्रह आहे. जुलै 2023 मध्ये ट्रायने पुन्हा मते मागविली त्यात हाही विषय होता. मोठे वाटा देतील, त्यांना परवडते. वाटा देणाऱ्याची गाडी पुढे काढण्याची सवय एकदा लागली, की मागे कोण राहील याचा विचार करा. नागावात दोन खोल्या पर्यटकांना देणारी बाई मागे राहील, म्हसळ्याच्या मदरशाने चढविलेले दर्स मागे राहतील, आणि आपल्या हाती असलेल्या या मासिकासारखी मराठीतील लहान इस्लामी नियतकालिके मागे राहतील. त्यांना कोणी अडविलेले नसेल. ती फक्त उशिरा उघडतील, आणि उघडेपर्यंत वाचणारा निघून गेलेला असेल.

सूरह मुजादलाचा आरंभ ज्या बाईच्या तक्रारीने झाला, त्या हजरत खौला बिन्ते सालबा (रजि.) होत. पतीने जाहिली काळच्या रीतीने शब्द उच्चारून त्यांना अधांतरी सोडले होते. त्या प्रेषित (स.) यांच्याकडे आल्या आणि वाद घालू लागल्या. ना त्यांच्यामागे टोळी होती, ना मध्यस्थ, ना देण्यास काही. हजरत आइशा (रजि.) सांगतात, की मी त्याच घराच्या कोपऱ्यात होते, आणि तिचे काही बोलणे मलाही ऐकू येत नव्हते.